पहिले पुस्तक कोणते द्यावे?



आधी एका मुलीची हकिगत सांगतो. मी तेव्हा नवाच मास्तर होतो. गाव लहान, शाळा एकशिक्षकी, देवळाच्या ओवरीत भरणारी. तिसरीतली एक मुलगी दुकानातून गूळ-चहा आणायला जाई आणि पुडीचा कागद टाकून न देता घडी घालून दप्तरात ठेवी. एके दिवशी तिने तसलाच एक चुरगळलेला कागद माझ्यापुढे धरला. कुठल्याशा जुन्या मासिकाचे पान होते ते. त्यावर एक गोष्ट छापलेली होती आणि पान संपताच ती मध्येच तुटली होती. मुलगी म्हणाली, “गुरुजी, म्होरं काय झालं आसंल?”

मला काय माहीत? मी हसून वेळ मारून नेली. पण खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. माझ्या खुर्चीमागे एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात तीस-चाळीस पुस्तके होती. तिची किल्ली माझ्या खिशात होती. चार्ज देताना आधीच्या गुरुजींनी बजावले होते, की पुस्तके मोजून घ्या आणि मोजून द्या. एक जरी कमी भरले तरी पगारातून जाईल. मी ती मोजून घेतली आणि मोजलेली तशीच ठेवली. पावसाळ्यानंतर पेटी उघडली तेव्हा वाळवीने आपले वाचन पुरे केलेले होते.

वाचलेली पुस्तके मी उन्हात घातली आणि पहिल्यांदाच चाळली. सदाचारावर एक, थोरांच्या चरित्रांची चार, आरोग्यावर दोन, काटकसरीवर एक. मग मला कळले, की पेटी उघडी असती तरीसुद्धा त्या मुलीचा प्रश्न सुटला नसता. ती विचारत होती, पुढे काय झाले. आणि आमची पुस्तके सांगत होती, माणसाने कसे वागावे.

ही तऱ्हा काही माझ्या एकट्याच्या पेटीची नव्हती. मराठीत मुलांसाठी पुस्तके छापू लागल्याला दोनशे वर्षे होऊन गेली. त्या दोनशे वर्षांची कथा पाहिली तर गोष्ट आणि तात्पर्य यांची ओढाताण तीत पदोपदी दिसते. दुसरी-तिसरीच्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हे ठरवताना ती कथा माहीत असली तर बरे, म्हणून ती आज तुम्हांला सांगणार आहे.

छापील पुस्तक येण्यापूर्वी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. धुळीची पाटी, तिच्यावर बोटाने किंवा काडीने गिरवलेली अक्षरे, मोडीचे वळण, आणि संध्याकाळी एका सुरात म्हटलेली उजळणी: पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी. शाळेत मुलाच्या हाती पुस्तक असे नव्हतेच. गोष्ट घरी असे, आजीजवळ. चिमणीचे मेणाचे घर आणि कावळ्याचे शेणाचे घर, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी, ही सारी मंडळी शाळेच्या बाहेर राहात. एवढे लक्षात ठेवा; आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

मराठीतले मुलांचे पहिले छापील पुस्तक निघाले ते पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे, तर थेट तंजावरास. तिथे भोसल्यांच्या घराण्यातले सरफोजी राजे गादीवर होते. विद्येचा मोठा नाद असलेला राजा. त्यांनी वाड्यात छापखाना घातला, देवनागरी खिळे करवले आणि १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ नावाचे पुस्तक छापले. सख्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या त्या इसापाच्या कथा होत्या. तमिळ मुलखात, मराठी राजाच्या वाड्यात, ग्रीसमधला कोल्हा मराठी बोलू लागला! त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, १८१४-१५ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून सिंहासनबत्तिशी, हितोपदेश आणि पंचतंत्र ही मराठी पुस्तके निघाली. पण ती वाचणारी पोरे नव्हती. मराठी शिकू पाहणारे कंपनी सरकारचे साहेब होते.

मुंबई इलाख्यात हे काम सुरू झाले १८२२ नंतर. शाळा काढणे आणि शाळांसाठी पुस्तके तयार करवणे एवढ्यासाठीच तिथे एक मंडळी स्थापन झाली होती. तिचे एतद्देशीय चिटणीस होते सदाशिव काशिनाथ छत्रे. लोक त्यांना बापू छत्रे म्हणत. १८२८ साली या एकाच माणसाची दोन पुस्तके निघाली, ‘बालमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’. पुढे १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’ आली. आपल्या मुलांच्या वाङ्मयाचे सारे पुढचे भांडण या तीन पुस्तकांत आधीच मांडून ठेवलेले आहे, असे मला वाटते.

कसे ते पाहा. ‘बालमित्र’ हे मुळात बर्क्वीन नावाच्या फ्रेंच लेखकाचे पुस्तक, छत्र्यांनी ते इंग्रजीवरून घेतले. त्यातली मुले मोठी शहाणी. एखादे चुकते, लगेच त्याला पश्चात्ताप होतो, वडील समजूत घालतात आणि मूल सुधारते. इसापनीतीची तऱ्हा दुसरी. गोष्ट चार ओळींची, झणझणीत. लांडगा कोकराला खातो, कोल्ह्याला द्राक्षे मिळत नाहीत, आणि मग शेवटी येते तात्पर्य. आणि वेताळपंचविशीत? तिथे तात्पर्य नाहीच. वेताळ गोष्ट सांगतो आणि राजालाच प्रश्न घालतो: सांग, यात खरा कोण? बोललास तर मी पुन्हा झाडावर जाणार, आणि माहीत असून बोलला नाहीस तर तुझी धडगत नाही! ऐकणाऱ्याला आपल्या मनाशी निवाडा करावाच लागतो.

आता तुम्हीच आठवा, बालमित्रातली एक तरी गोष्ट आज कुणाच्या तोंडी आहे का? इसापाचा कोल्हा आहे. वेताळ तर आहेच आहे. छत्र्यांच्या श्रमांविषयी मला आदरच आहे. मराठी गद्य सोपे, घरगुती करण्यात त्यांचा वाटा फार मोठा. पण मुलांनी निवड केली ती त्यांना न विचारता, त्यांच्या नकळत. आणि इसापाच्या बाबतीत तर त्यांनी गोष्ट ठेवून घेतली आणि तात्पर्य सोडून दिले. तुमच्या वर्गात विचारून पाहा. ससा-कासवाची शर्यत सगळ्यांना येईल. तात्पर्य मात्र तेच सांगतील, ज्यांना ते परीक्षेसाठी पाठ करायला लावले आहे.

१८५४ च्या खलित्यानंतर इलाख्यात शिक्षणखाते आले, १८५५ साली. मग मेजर कँडीसाहेबांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तकांची माला तयार झाली. हे साहेब मराठीत विलक्षण मुरलेले होते. स्वल्पविराम, पूर्णविराम वगैरे चिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. पुस्तके नेटकी होती, भाषा शुद्ध होती, आणि सगळ्या इलाख्यात एकच पुस्तक जाऊ लागले. त्याचबरोबर एक गोष्ट कायमची होऊन बसली. पुस्तक म्हणजे इयत्तेचे पुस्तक, आणि वाचन म्हणजे दिपोटी आले असता उभे राहून घडाघडा म्हणून दाखवणे. (डेप्युटी इन्स्पेक्टरला आपल्या खेड्यात दिपोटी म्हणत, हे जुन्या मंडळींना आठवेल.) पुस्तक परीक्षेपुरते झाले, की परीक्षा संपल्यावर त्याचे काम संपते. कितीतरी घरांत त्यानंतर पुस्तक आलेच नाही.

१८८२ मध्ये हंटर कमिशन आले तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे आपले निवेदन ठेवले. शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे त्यांनी त्यात सांगितले: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य. आणि चालू पुस्तके व्यवहाराला उपयोगी पडणारी नाहीत, ती नव्याने रचली पाहिजेत, असेही स्पष्ट म्हटले. फुल्यांचे बोट बरोबर जागी पडले होते. ज्या मुलासाठी पुस्तक आहे ते मूल पुस्तकात कुठेच नव्हते. त्याचे शिवार नव्हते, त्याची जनावरे नव्हती, त्याचे बोलणे तर नव्हतेच.

त्याच सुमारास एका वेगळ्या वाटेने एक गृहस्थ निघाले होते. विनायक कोंडदेव ओक हे स्वतः शिक्षणखात्यात नोकरी केलेले. त्यांनी १८८१ साली मुंबईत ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि १९१४ मध्ये डोळे मिटेपर्यंत ते चालवले. तेहतीस वर्षे! दर अंकात एक कविता, एखाद्या मोठ्या माणसाचे चरित्र, एक निबंध, एक शास्त्रीय विषय, आणि बहुतेक सगळे स्वतःच्याच हातचे. आज ते पाने चाळताना जड वाटतात, उपदेशही पुष्कळ आहे. तरीपण त्यांनी एक मोठी गोष्ट केली. परीक्षेत न येणारे वाचन मुलाच्या नावाने, दर महिन्याला, टपालाने घरी पाठवले. पोस्टमनने आपले नाव पुकारले, की मुलाची छाती कशी फुगते ते ज्याने पाहिले आहे त्याला याचे मोल कळेल.

ओकांनंतर वासुदेव गोविंद आपटे. १९०६ साली त्यांनी मुलांसाठी मासिक काढले आणि त्याचे नाव काय ठेवले? ‘आनंद’. बोध नव्हे, नीती नव्हे, ज्ञान नव्हे. मला या एका नावात पंचवीस वर्षांतला फरक दिसतो. आपटे काही पोरकट गृहस्थ नव्हते. ‘शब्दरत्नाकर’ कोश आणि मराठी म्हणी-संप्रदायांचा संग्रह करणारे भारदस्त विद्वान. अशा माणसाने मुलांसाठी बालरामायण, बालभारत लिहिताना वाक्य आखूड केले, शब्द सोपा केला. कोशकाराला हजारो शब्द ठाऊक असतात. त्यांतले कोणते वापरायचे नाहीत हे कळणे जास्त अवघड. पुढे ‘आनंद’ची धुरा गोपीनाथ तळवलकरांनी पुष्कळ वर्षे वाहिली. नागपूरकडे ‘मुलांचे मासिक’ होते. असे एकेक दिवे लागत गेले.

पण हे सारे शहरात आणि वर्गणी परवडणाऱ्या घरांत. खेड्याचे काय?

तिथे मला बडोद्याची आठवण होते. सयाजीराव गायकवाड हे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचे पोर. १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर आले तेव्हा वय बारा, आणि लिहिता-वाचता येत नव्हते. बारा वर्षांच्या घोडमुलाला मुळाक्षरे गिरवावी लागली. या माणसाने पुढे आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले, आधी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये राज्यभर. आणि मग त्यांच्या ध्यानात आले, की नुसत्या सक्तीने भागत नाही. चौथी झालेले पोर गुरांमागे जाते, पुस्तक दिसत नाही, आणि चार-पाच वर्षांत शिकलेले अक्षर पुसून जाते. म्हणून १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ अमेरिकेहून बोलावले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय झाले, त्यात मुलांसाठी निराळी जागा झाली, आणि गावोगाव पाठवण्यासाठी पुस्तकांच्या लाकडी पेट्या तयार झाल्या. पेटी एका गावी काही काळ राही, मग पुढच्या गावी जाई. माझ्या शाळेतही पेटीच होती, नाही का! फरक एवढाच, की बडोद्याची पेटी फिरत होती.

बडोद्यापासून भावनगर काही फार लांब नाही. तिथे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढले. १९२३ मध्ये आपल्या ताराबाई मोडक तिथे गेल्या आणि त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभारला. ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारा हे विचार मराठी शिक्षकांपर्यंत ताराबाईंनीच पोचवले. गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ नावाचे पुस्तक आहे. त्यात एक नवा शिक्षक चौथीच्या दांडगट वर्गावर येतो. काय करतो? पहिल्याच दिवसांत गोष्ट सांगायला लागतो. मुले गप्प बसतात, उद्याची वाट पाहतात. मग तो आईबापांना म्हणतो, की प्रत्येकाने तेच ते पाठ्यपुस्तक विकत घेऊ नका, तेवढ्याच पैशांत आपण सगळ्यांसाठी निरनिराळी गोष्टींची पुस्तके घेऊ. अशा रीतीने वर्गाचे ग्रंथालय तयार होते. हे कल्पित आहे, पण लिहिणारा रोज मुलांत बसणारा माणूस होता. म्हणून शिक्षकांनी मनात आणलेच, तर करता येईल असे आहे.

गिजुभाईंचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी कान, मग डोळा. जी गोष्ट मुलाने ऐकली आहे ती छापलेली दिसली की ते तिच्यावर झडप घालते. पुढचा शब्द काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असते, म्हणून वाचताना अडखळले तरी धीर सुटत नाही. आजीच्या गोष्टी शाळेबाहेर राहिल्या असे मी वर म्हटले ना? त्या आत आणायला हव्यात, त्या यासाठी. म्हातारी आणि भोपळा ही गोष्ट पाहा. वाटेत एक जनावर भेटते, मग दुसरे, मग तिसरे; दर वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मोठ्या माणसाला कंटाळा येईल. वाचायला शिकणाऱ्याला मात्र ती पायरीच असते. पहिल्या वेळी वाक्य फोडून वाचले, दुसऱ्या वेळी सावकाश वाचले, तिसऱ्या वेळी ते पाण्यासारखे वाहिले. मुलाला वाटते, मला वाचता आले!

साने गुरुजींनाही हे कानाचे मर्म उमगले होते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ तुम्ही वाचली आहेच. तिच्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम सांगतो आहे आणि आश्रमातली मंडळी ऐकताहेत. दुसरीतल्या मुलाला ते पुस्तक वाचायला देऊ नका, पेलणार नाही. पण रोज थोडे वाचून दाखवा. त्याच दशकात आचार्य अत्र्यांची ‘नवयुग वाचनमाला’ शाळांत आली. अत्रे स्वतः पुण्याच्या कॅम्पातले मुख्याध्यापक. पोरे कशाने हसतात आणि कशाने गप्प होतात हे त्यांनी रोज पाहिलेले. ‘दिनूचे बिल’ हा धडा ज्यांनी त्या वेळी वाचला त्यांना तो म्हातारपणीही आठवतो. आईला कामाचे बिल देणारा दिनू, आणि आईने त्याला दिलेले उलटे बिल. त्यातही शिकवण आहेच हो! पण ती दिनूच्याच डोळ्यांतून येते, मास्तरांच्या तोंडून येत नाही. क्रमिक पुस्तकसुद्धा गोड असू शकते, हे अत्र्यांनी सिद्ध केले.

स्वराज्यानंतर भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये एक मासिक काढले. त्याचे नाव, योगायोग पाहा, ‘बालमित्र’. छत्र्यांच्या बालमित्रातले मूल आज्ञाधारक होते. भागवतांचे मूल खोड्या करणारे, धावणारे, संकटात उडी घेणारे. पुढे त्यांचा फास्टर फेणे तर घराघरांत गेला. आणि १९५२ पासून मराठीत ‘चांदोबा’ येऊ लागला. त्याची हकिगत मला सांगायलाच हवी, कारण तिथे आम्हा शिक्षकांची चूक पदरात येते. चांदोबात पानोपानी चित्रे, राक्षस, राजपुत्र, आणि अंकामागून अंक विक्रम आणि वेताळ. मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्या, तरी वेताळ काही खांद्यावरून उतरेना. त्याच चौकटीत नव्या गोष्टी वर्षानुवर्षे येत राहिल्या. आम्ही काय केले? दप्तरात चांदोबा सापडला तर जप्त केला. फालतू वाचन! पाठ्यपुस्तक वाचायला छडी लागत होती आणि चांदोबा मुले अंथरुणात लपून वाचत होती. आता तो बंद पडून काही वर्षे झाली. आम्ही जप्त केलेल्या अंकांनी किती पोरांना वाचायला शिकवले असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

१९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले आणि त्याच मंडळाने १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. सरकारी मंडळाने परीक्षेबाहेरचे वाचन छापावे आणि चांगले छापावे, ही गोष्ट ओकांच्या काळी कुणाला खरी वाटली नसती. ‘किशोर’चे जुने अंक आता संगणकावर, मोबाइलवर मोफत वाचता येतात. अगदी लहानांसाठी मात्र पुष्कळ वर्षे उणीव राहिली. गोष्ट लहान असली तरी अक्षर बारीक, चित्र एखादेच, तेही काळपट. ती उणीव अलीकडे भरून निघते आहे. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तके पाहा. गोष्टही त्यांची, चित्रेही त्यांचीच. घरातली साधी माणसे, त्यांची कामे, त्यांच्या सवयी. राक्षस नाही, राजा नाही, आणि उपदेश तर नाहीच. त्यांचेच ‘वाचू आनंदे’ हे संकलन शिक्षकांनी जवळ ठेवावे असे आहे. प्रथम बुक्सने २०१५ पासून अनेक भाषांतल्या चित्रगोष्टी इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत, मराठीतल्याही. गावात पुस्तकाचे दुकान नाही ही सबब आता पूर्वीइतकी चालत नाही.

तर मग निवडायचे कसे? मी माझा अनुभव सांगतो, नियम नव्हे.

पुस्तक आधी स्वतः मोठ्याने वाचा. वाचताना तुमची जीभ अडखळली किंवा तुम्हांला जांभई आली, तर ते खाली ठेवा. मग मुलाला मधलेच एक पान वाचायला द्या. पानात दोन-चार शब्द नवे असले तर उत्तम. ओळीओळीला अडत असेल तर पुस्तक चांगले असले तरी त्याची वेळ अजून आलेली नाही. फास्टर फेणे दुसरीतल्या मुलाला देणारे हौशी पालक मी पाहिले आहेत. मूल चार पाने झगडते आणि मग त्याला वाटते, पुस्तके आपल्यासाठी नाहीतच. पुस्तकाची चूक नसते, मुलाची तर नसतेच.

जोडाक्षरांचा एक बाऊ आपण करून ठेवला आहे. पहिलीच्या मुलासाठी जोडाक्षर नसलेली पुस्तके मिळतात, ती सुरुवातीला जरूर द्या. पण जोडाक्षर टाळण्याच्या नादात लेखक असे काही मराठी लिहितो, की तसे जगात कुणीच बोलत नाही. अहो, ‘पुस्तक’ या शब्दातच जोडाक्षर आहे, आणि ‘गोष्ट’ या शब्दातही! गोष्ट आवडली की मूल ‘राक्षस’ हा शब्द कुणी न शिकवता वाचते.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकात ‘पाणी’ दिसते, ‘म्होरं’ म्हणणाऱ्याला ‘पुढे’ दिसते. कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांबरोबर काम केले, तेव्हा तर अंतर त्याहून मोठे होते. अशा वेळी गोष्ट आधी मुलाच्या बोलीत सांगावी, मग पुस्तकातली वाचून दाखवावी. मूल दोन्ही शब्द ठेवून घेते. वाचताना ते ‘म्होरं’ म्हणाले तर थांबवू नका. त्याने शब्द बघून अर्थ लावला आहे आणि आपल्या भाषेत सांगितला आहे. वाचणे म्हणतात ते हेच.

आणि निवड करताना एखाद्या वेळी मुलांना नेऊन तर पाहा. आमच्या केंद्रात एकदा पुस्तकप्रदर्शन भरले होते. मी दहा पुस्तके निवडली आणि बरोबरच्या पोरांनी दहा. वर्षअखेर माझ्या दहांतली सात कोरी करकरीत होती. मुलांच्या दहांपैकी दोनांची पाने सुटली होती, एकाला चिंचेचा डाग होता आणि एक हरवले होते. मी ते हरवलेले पुस्तक नोंदवहीत ‘वाचून जीर्ण’ असे लिहून काढून टाकले. खोटे लिहिले, पण फार खोटे नव्हे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत असे सांगितले आहे. गोष्टींची पुस्तके हे शब्द कायद्यात आले, ही बाब लहान नाही. तेव्हा तुमच्या शाळेतही पुस्तके असतील. ती कुठे आहेत ते उद्याच पाहा. कपाटात असतील तर भिंतीला एक सुतळी बांधा आणि तिच्यावर ती मधोमध उघडून टांगा, मुलांच्या हाताला येतील इतक्या उंचीवर. शनिवारी सकाळची शाळा सुटताना एकेक घरी नेऊ द्या. कुणी काय नेले ते वहीत मुलांनाच लिहू द्या. तेवढेच लेखनही होईल. फाटलेल्या पानांना खळ लावायचे काम चौथीच्या मुलांकडे द्या. खळीत चिमूटभर मोरचूद घालायची रीत असे, म्हणजे कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी असतो, तेव्हा ते तुम्हीच करा, मुलांच्या हाती देऊ नका.

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तिच्या कागदावरची अर्धी गोष्ट मला पुढेही कधी सापडली नाही. तिने मग स्वतःच शेवट केला. तो तिने वर्गाला सांगितला, आणि दुसऱ्या एका मुलाला तो पटला नाही म्हणून त्याने निराळा सांगितला. त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही.